हळदीच्या गोदामातले आरसे

किस्से पोत्यांसारखे असतात. एक खाली टाकलं की त्याच्या अंगावर दुसरं येऊन बसतं, दुसऱ्यावर तिसरं, अन् पाहता पाहता थप्पी आढ्याला लागते. मंग खालचं एक काढायला गेलं की सगळीच अंगावर येतात. मी चाळीस वर्षं हिंगोलीच्या हळद बाजारात हमाली केली, त्यामुळं पोती कशी रचायची ते मला कळतं. लिहायचं कसं ते मी चौथीत शिकून राहिलो होतो, तेवढ्यात बापानं शाळेतून काढलं. तवा काही चुकलं तर बापाला बोला, मला न्हाई.

ही सगळी पोती एकाच गोदामातली हायेत.

माझा जोडीदार यशवंता, पुसेगावचा. एका पोत्याची दोन टोकं धरून आमी दोघं म्हातारे झालो. त्याची पोरगी सविता. बापानं पोती उचलली, पोरीनं लोखंड उचललं. वजनं उचलायच्या स्पर्धेत मेडल आणलं, नांदेडला शाळेत पीटीची बाई झाली. अन् एक दिवस नोकरी सोडून घरी आली. म्हणली, हिंगोलीत जिम टाकायची, अन् सकाळची बॅच फक्त बायांची.

यशवंतानं आठ दिवस तिच्याशी बोलणं टाकलं. नवव्या दिवशी माझ्याकडं आला अन् खाली मान घालून म्हणला, "कचरू, पोरीचं हसं झालं न्हाई पाहिजे."

ज्याचं हसं होऊ द्यायचं न्हाई त्याच्या राखणीला मला ठेवायचं, म्हणजे दुधाला बोका! पण जोडीदाराचा शब्द. गेलो.

जागा म्हणजे आमच्या शेठचं गोदाम. शेठ माणूस वाईट न्हाई, पण मोकळी जागा दिसली की त्याच्या पोटात दुखतं. त्यानं सविताला सांगितलं, "हंगाम नाही तोवर जागा घे. पण नवी हळद आली अन् गोदाम मला अर्धवट दिसलं, तर आत पोती लागतील. अन् एकदा लागली की पुढच्या सालापर्यंत हलणार न्हाईत."

म्हणजे पोरीची शर्यत हळदीसंगं लागली. हळद शेतातून निघून, शिजून, वाळून बाजारात यायच्या आत खाली रबर अन् भिंतीला आरसे लागले पाहिजेत. न्हाई लागले तर नोकरीबी गेली, जिमबी गेली, अन् बाप खरा ठरला.

*

रबर बसवायला पुण्याहून फिटर आला. मी त्याला इंजिनिअर म्हणायचो. त्याला बरं वाटायचं, माझं काही जात नव्हतं.

तो म्हणला, आधी फरशीची लेव्हल काढावी लागेल. त्यानं तीन पायांची एक मशीन मांडली. भिंतीवर लाल रेघ पडली. तो एका डोळ्यानं रेघ पाहून राहिला, दुसऱ्या डोळ्यानं मोबाइल.

मी सविताला म्हणलो, ह्याला एवढं कशाला, मागल्या डाव्या कोपऱ्यात दीड इंच उतार हाये. इंजिनिअर हसला. तासाभरानं त्याची मशीन बोलली: मागला डावा कोपरा, दीड इंच.

त्यानं हसणं बंद करून विचारलं, "आजोबा, तुम्हाला कसं कळलं?"

मी म्हणलो, "गुडघ्याला विचारलं. साठ किलोचं पोतं पाठीवर घेऊन चाललं की उतार गुडघ्यातच कळतो. पाहायचा का?"

त्याला वाटलं, म्हातारा उचलतो तर आपण काहून न्हाई. आमी त्याच्या पाठीवर पोतं दिलं. चार पावलं बराबर टाकली. पाचव्याला उजवा गुडघा डावीकडं पाहू लागला. सहाव्याला तो गोदामात आडवा चालायला लागला, खेकड्यासारखा, अन् भिंतीपाशी जाऊन बसला. पोतं मांडीवर, जसं लेकरू घेतलंय.

मागल्या डाव्या कोपऱ्यात.

मी ओरडलो, "सविता, लिहून घे! लेव्हल निघाली!"

*

फरशीला तीस वर्षांची हळद लागलेली. शहाबादी फरशी हाये हे फक्त शेठला माहीत, बाकीच्यांना ती पिवळीच माहीत. सविताचे पांढरे बूट पहिल्याच दिवशी पिवळे झाले. इंजिनिअर म्हणला, ह्या भुकटीवर रबराचा गोंद धरायचा न्हाई, फरशी धुऊन काढा.

साबणानं धुतली. निघेना. मंग त्यानं मला विचारलं, काही कडक वस्तू मिळेल का?

आता ज्यानं हळद बाजारात चाळीस वर्षं काढली त्याला असला प्रश्न विचारू न्हाई. मी म्हणलो, "धुण्याचा सोडा. पोतंभर टाका." अन् बाहेर नामदेवच्या चहाच्या हॉटेलात जाऊन बाकड्यावर बसलो. नामदेवचं हॉटेल गोदामाच्या बराबर समोर. अशी जागा नाटकातबी मिळत न्हाई.

हळदीला सोडा लागला की काय होतं ते आमच्या इकडं लेकराला ठाव हाये. पुण्यात न्हाई.

आतून एक किंकाळी आली. मंग इंजिनिअर आला. गुडघ्यापर्यंत लालभडक. त्याच्या मागून दाराखालून पाणी आलं, तेबी लाल, अन् गल्लीच्या उताराला लागून निघालं. बाया दारात आल्या. कोणीतरी फोन केला. हवालदार आला.

हवालदार नवा होता, कोकणातला. त्यानं पाणी पाहिलं, इंजिनिअरला पाहिलं, अन् शिट्टी तोंडात धरली. इंजिनिअर म्हणत होता, "मी काही नाही केलं, त्या आजोबांनी सांगितलं!" असं म्हणल्यावर तर गोष्ट अजूनच वाईट झाली.

मी उठलो. नामदेवकडून दोन लिंबं घेतली, लाल पाण्याच्या बादलीत पिळली. पाणी पुन्हा पिवळं झालं. गल्लीतल्या बाया हसून हसून खाली बसल्या.

हवालदारानं बादलीत पाहिलं, माझ्याकडं पाहिलं अन् म्हणला, "पुरावा नष्ट केला म्हणून आत घेऊ का?"

फरशी मात्र निघाली. इंजिनिअरचे पाय निघाले ते चार दिवसांनी.

*

फरशी स्वच्छ झाल्यावर सविताच्या अंगात आलं. तिनं नमुन्याचा एक रबराचा तुकडा टाकला अन् म्हणली, आवाज किती येतो पाहू. दांड्याला शंभर किलो लावले, कमरेपर्यंत उचलले अन् सोडले.

धाड!

पलीकडून ओरडा आला. भिंतीला लागून शेठचा काटा हाये, लाइटवर चालणारा. शेतकऱ्याची पोती त्याच्यावर मोजतात. धाड झालं की काट्याचे आकडे दचकले अन् पोत्याचं वजन वाढलं! शेठ पळत आला. म्हणला, "हे काय करून राहिली?"

सविता बिचारी घाबरली. तिनं पुन्हा नीट दाखवायला म्हणून दांडा उचलला अन् सोडला. पलीकडं पुन्हा आकडा उडाला.

शेठ परत काट्याकडं पळाला. पाहतो तर काट्यापुढं शेतकऱ्यांची लाइन. जे दुसऱ्या आडतीला चालले होते तेबी इकडं वळलेले. अन् एक म्हातारा, माझ्याच वयाचा, भिंतीला तोंड लावून मोठ्यानं सांगून राहिला होता, "ताई, माझं पोतं ठेवलंय. आपट!"

त्या दिवशी शेठनं दुसरी अट घातली. दणका त्याच्या काट्यात दिसला न्हाई पाहिजे. सविताला खाली प्लायवूड अन् वर दुप्पट जाडीचं रबर मागवावं लागलं. ते नांदेडला यायला अजून दहा दिवस. अन् हळद काही थांबत नव्हती. वसमतकडं शिजून निघाली होती, अंगणाअंगणात वाळत पडली होती.

सविता त्या दिवशी जेवली न्हाई. मला न्हाई बोलली, पण मला कळलं. तिचा बाप असाच करायचा.

*

रबर येईपर्यंत आरसे लावून घ्यायचे ठरलं. काचवाले बशीरभाई. ते बोलतात हिंदीत अन् भांडतात मराठीत.

सविताच्या मनात आरसे दारासमोरच्या भिंतीला. आत पाय टाकला की हॉल दुप्पट दिसला पाहिजे. बशीरभाई म्हणले, "एकदम बंबई दिखेगा."

तेवढ्यात सोनाबाई उठली. सोनाबाई सेनगावकडच्या तांड्यावरची, बाजारात हळद निवडायला येते. बायांच्या बॅचमधी पहिलं नाव तिचंच. पन्नाशीची हाये, पण पोत्याला लाथ मारली तर पोतं सरकतं. ती म्हणली, "आरसा दाराकडं पाहणार असंल तर मी न्हाई येणार. अन् मी न्हाई आले तर बाकीच्या सतराबी न्हाई येणार."

सविता म्हणली, "मावशी, दार लावून घेऊ."

"उन्हाळ्यात? पत्र्याखाली? मंग व्यायाम कशाला, आमी शिजूनच बारीक होऊ."

सविताला पटेना. तिला वाटलं रस्ता लांब हाये, काय दिसणार! मी म्हणलो, भांडू नका, पाहून घेऊ. बशीरभाईनं अन् यशवंतानं एक आरसा त्या भिंतीपाशी उभा धरला. सविता अन् सोनाबाई दाराच्या बाजूच्या भिंतीआड, कोणाला दिसणार न्हाई अशा. अन् मी माझ्या नेहमीच्या सिटावर, नामदेवच्या बाकड्यावर.

मी तिथून रेडिओसारखं सुरू केलं. "सोनाबाईनं पदर खोचला! सविताच्या एका बुटाची लेस सुटली! सोनाबाई मला मुक्का दाखवून राहिली!"

सविता बाहेर आली तर बाकड्यावर बसलेले बाराही गडी मान लांब करून आत पाहत होते. कोणाच्या हातातला चहा पँटीवर सांडलेला, पण मान हालत नव्हती.

आरसे बाजूच्या भिंतीला गेले. रस्त्यावरून पाहणाऱ्याला दिसली तर दुसरी भिंतच दिसंल. नामदेव लई नाराज झाला. त्यानं तेवढ्या वेळात बाकडं वळवून, फडक्यानं पुसूनबी घेतलं होतं.

*

बाजूच्या भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत आरसे लागले. चौकट न्हाई, पट्टी न्हाई. फक्त खाली हातभर जागा सोडली, लोखंडी चकत्या गडगडत आल्या तर काच फुटू नये म्हणून.

आमी पाचजण आत खाली बसलो होतो. नामदेव दारात आला, उंबऱ्यातूनच डोकी मोजली अन् गेला. आला तो दहा चहा घेऊन.

मी विचारलं, "पाच कोणाचे?"

नामदेवनं हातानं दाखवलं. "ते काय, पलीकडच्या खोलीतल्या लोकांना."

बशीरभाईच्या मिशीखाली काहीतरी हालून राहिलं होतं. मी म्हणलो, "व्हय, दे ना. पण कोण हायेत ते?"

नामदेव म्हणला, "बाकीचे न्हाई ओळखले. पण एक म्हातारा बसलाय, त्याचं तोंड लई बदमाश हाये."

ते पाचही चहा मीच पिलो. तोंड माझंच होतं, मंग हक्कबी माझाच.

बाकीचे हसून विसरले. मी मात्र चहा संपल्यावर नामदेव जिथं उभा होता तिथं, उंबऱ्यात जाऊन उभा राहिलो. बराच वेळ पाहिलं. तिथून आपण स्वतः दिसत न्हाई. आरसा आरसा वाटत न्हाई.

*

अन् मंग हळद आली.

दोन दिवस आधी आली. त्या दिवशी सविता रबर आणायला नांदेडला गेलेली, गाडी भरून दुसऱ्या दिवशी निघणार होती. गोदामात अर्ध्या फरशीवर प्लायवूड, अर्धी उघडी. मी, यशवंता अन् आमचे दोन जुने हमाल गडी, एवढेच होतो. चौघांची वयं एका ओळीत लिहिली तर शेठचा काटा उडंल.

दारात ट्रक लागला. वर पोती. पुढून शेठ उतरला. त्यानं उंबऱ्यात उभं राहून आत पाहिलं अन् म्हणला, "अर्धवटच हाये. लावा पोती."

यशवंताचं तोंड पाहवेना. तो डोक्याला फडकं बांधायला लागला, सवयीनं. पोरीच्या जिमला पोती लावायची पाळी बापावर आली होती.

मी म्हणलो, "शेठ, लावतो की. चाळीस वर्षं लावली. पण आत गोंद ओला हाये, पाय टाकला तर चप्पल तिथंच राहील. तुमी काट्यावर बसा. भरलं की हाक मारतो."

शेठ गेला. मी यशवंताला बाजूला घेतलं अन् कानात सांगितलं. तो मंग पन्नास वर्षांपूर्वी शाळेच्या घंटेला शेण लावताना हसला होता तसा हसला.

आमी चौघांनी चाळीस पोती घेतली. फक्त चाळीस. आरशापासून चार हात सोडून एक थप्पी चढवली, छातीइतकी न्हाई, डोक्याच्या वर. एकाच पोत्याची जाडी. मागून टेकू लाकडाचे. आरशाखालच्या रिकाम्या जागेला ताडपत्री सारली. दुसरी थप्पी दाराजवळ आडवी, आरशाची कड झाकायला. वरचा दिवा काढून खिशात टाकला.

यशवंतानं उंबऱ्यात उभं राहून पाहिलं. "त्या टोकाचं पोतं वीतभर पुढं घे," म्हणला. घेतलं. मंग म्हणला, "आता आढ्यापर्यंत भरलं."

शेठला हाक मारली. शेठ आला, उंबऱ्यात उभा राहिला, डोळे बारीक केले. थप्पी, थप्पीच्या मागं गल्ली, गल्लीच्या मागं अजून थप्पी.

"एवढ्यात भरलं?"

मी कपाळाचा घाम पुसला. तो खरा होता. "शेठ, प्लायवूडनं जागा खाल्ली. आता मुंगी शिरणार न्हाई."

शेठनं मान हालवली. "बस मंग. उरलेली मागल्या गोदामात न्या." अन् ट्रकमधी बसून स्वतःच मागल्या गोदामाला गेला.

दुसऱ्या दिवशी शेठचं सगळं घर लग्नाला वसमतला. आमी चार म्हाताऱ्यांनी सकाळपासून चाळीसच्या चाळीस पोती पाठीवर मागल्या गोदामात नेऊन लावली. यशवंतानं एकट्यानं चौदा नेली. शेवटी कंबर धरून बसला, पण एकबी पोतं मधी खाली ठेवलं न्हाई. दुपारी सविता रबर घेऊन आली. तिला काहीच सांगितलं न्हाई. ती म्हणली, "बाबा, तुमी काहून एवढे पिवळे?" बाप म्हणला, "तुझ्या जिमची फरशी पुसत होतो."

जिमची गोष्ट निघाल्यापासून ते दोघं एकमेकांशी पहिल्यांदा एवढं बोलले.

तिसऱ्या दिवशी नारळ फुटला. सोनाबाई अन् तिच्या सतरा जणी रबरावर ओळीनं उभ्या, आरशात अजून अठरा. यशवंता दाराशी उभा, नव्या शर्टात. सविता म्हणली, "बाबा, आत या." तो चपला काढून आत आला, देवळात आल्यासारखा.

तेवढ्यात शेठ. उंबऱ्यात थांबला न्हाई, सरळ आत आला. "माझी पोती कुठंयत?"

मी म्हणलो, "मागल्या गोदामात. चाळीसच्या चाळीस. मोजून घ्या."

"चाळीस? मी माझ्या डोळ्यानं गोदाम भरलेलं पाहिलं!"

"व्हय शेठ. पण तुमी उंबऱ्यातून पाहिलं."

शेठ वळला. समोर आरसा. आरशात शेठ. दोघांनी एकमेकाकडं लई वेळ पाहिलं. मंग तो मागं मागं सरकत उंबऱ्यापर्यंत गेला, तिथं उभा राहिला, पुन्हा पाहिलं. सविताला काही कळून राहिलं नव्हतं, अन् आमी चौघं छताकडं पाहत होतो.

शेठ म्हणला, "दणका दाखव."

सविता पुढं झाली. दांड्याला शंभर किलो. शेठ स्वतः पलीकडं काट्यापाशी जाऊन उभा राहिला. तिनं उचललं, कमरेपर्यंत न्हाई, डोक्याच्या वर, अन् सोडलं. रबरानं ते असं झेललं जसं आजी नातवाला झेलती. भिंतीपलीकडून काही आवाज न्हाई. मंग शेठचा, हळूच: "न्हाई हालला."

तो परत आला. पेढा घेतला. जागा सविताची, एवढं बोलला अन् माझ्याकडं न पाहता निघून गेला. एवढ्या वर्षांत मला न पाहता गेलेला मी पहिल्यांदा पाहिला.

आता आठेक दिवसांखाली बशीरभाई नामदेवच्या हॉटेलात माझ्या शेजारी येऊन बसले. चहा मागवला. इकडं तिकडं पाहिलं अन् हळू आवाजात म्हणले, शेठनं बोलावलं होतं. आडतीच्या दुकानात मागल्या भिंतीला आरसे लावायचेत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. चौकट नको म्हणला.



बशीरभाईनं बशीत चहा ओतला, फुंकर मारली.

"और बोले, कचरू को मत बताना."